हुलग्याच्या काढ्याचं भगुनं

मित्रांनो, मी एक जुनं पितळी भगुनं आहे. पंचफुलाबाईंच्या लग्नात आहेर म्हणून औशाजवळच्या खेड्यात आले. बरीच वर्षं डाळ शिजवली. कल्हई उडाली की बाई पुन्हा करून घ्यायच्या. भूकंपात भिंत अंगावर पडली, तेव्हा भगवानराव मालकांनी मला दगडांखालून काढलं. पोचा तेवढा राहिला.

पुढं पत्र्याच्या शेडमध्ये राहताना मालकांना मुतखड्याची कळ उठली. बाईंनी माझ्यात हुलग्याचा काढा उकळला आणि खडा पडला. ज्वारीच्या दाण्याएवढा तर होता, नुसत्या पाण्यानंही पडला असता. पण गावभर डंका माझाच! कुणाला लघवीला जळजळ झाली की मला न्यायला माणूस हजर.

त्यांची लेक शिवकन्या लातूरला क्लासला होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं. क्लासात पोरींची ही गर्दी आणि संडास एकच, म्हणून ती दिवसभर पाणीच प्यायची नाही. शेवटी कंबरेत कळा आणि थंडीताप घेऊन घरी आली. औशाच्या डॉक्टरांनी बजावलं, "खडा अडकलाय, आत पू झालाय. आजच्या आज लातूरला मोठ्या दवाखान्यात न्या." तोवर घ्यायला गोळ्या दिल्या.

बाईंनी त्या गोळ्या फळीवर ठेवल्या. काढ्यावर इंग्रजी दवा घेतली तर काढ्याचा गुण जातो, असा आमच्या गावाचा पक्का समज.

"माय, गोळी दे की. लई दुखायलंय."

"काढा पुरा होऊ दे. तुझ्या बापाचा खडा कशानं पडला?"

"बापाचं येगळं होतं. मला ताप हाय, माय!"

"गप पी. दवाखान्यात नेलं तर लोक किडनीची पोरगी म्हणतील. लगीन कोण करील?"

लेक तडफडत होती आणि मी चुलीवर उकळत होते. एवढा संताप मला जन्मात आला नव्हता.

पोरगी बेशुद्ध पडली, तेव्हा कुठं जीप आली. जीव वाचला, पण एक किडनी काढावी लागली. परीक्षाही हुकली. पंचफुलाबाई अजून सांगतात, "दुसरी वाचली ती काढ्यानंच." शिवकन्या ते ऐकते आणि उठून बाहेर जाते.

मित्रांनो, हुलगे वाईट नाहीत, मीही नाही. पण भगुन्यानं डॉक्टर होऊ नये. आज शेजारच्या बसम्मांनी मला मागून नेलंय. त्यांच्या सुनेला थंडी वाजून ताप भरलाय, लघवी होत नाही. खाली जाळ लागलाय. मला ओरडता येत नाही. तुम्हाला येतं.