कोल्वेझीच्या खड्ड्यावरचा दोर

मित्रांनो, मी दोर आहे. जुना, निळा आणि आता फार दमलेला. आमच्या कोल्वेझी या खाणींच्या गावाच्या जमिनीखाली कोबाल्ट नावाचा धातू आहे. तुमच्या फोनच्या बॅटरीत तो असतो म्हणे. फोन माझ्या काय कामाचा? पण त्याच्यासाठी माणसं वरखाली करता करता माझी सालं निघाली.

कारखान्यातून निघाल्यावर आधी मी ट्रकवर मक्याची पोती बांधत असे. ती खरी मजेची नोकरी! मग किउंगुकाकाने मला बाजारातून आणलं. सात खोदणाऱ्यांच्या टोळीचा तो मुकादम, तोंडाने फटकळ. रोज सकाळी मला वीत वीत चाचपायचा आणि म्हणायचा, "बायकोपेक्षा याच्यावर माझा भरवसा जास्त." मी फुगून जात असे. खड्डा सरळ खाली जायचा, आंब्याची दोन झाडं एकावर एक उभी करावीत इतका.

खड्ड्यापाशी बाईने फिरकायचं नाही, असा नियम होता. बाईचं पाऊल पडलं की माल, म्हणजे जमिनीतला कोबाल्ट, पळून जातो, असं सगळे मानत. त्यामुळे बायका लांब नदीवर. खोदणाऱ्या मोंगाची बायको नुम्बी तिथे कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून आमच्या पोत्यांतला माल धूत असे. त्या नदीत आता मासा उरलेला नाही. नुम्बीच्या पायांची खाज कशानेच जात नाही, असं मोंगा खाली उतरताना सांगायचा.

एका सकाळी नुम्बी धावत आली आणि नियमाप्रमाणे वीस पावलांवर थांबली. तिच्या हातात चिखलाचा गोळा होता.

"काका, मोंगाला वर काढा! पोत्यात आज ओला चिखल आलाय. शेजारचा बुडालेला खड्डा आहे ना, त्याचाच वास येतोय याला. पाणी जवळ आलंय!"

"नवऱ्यावाचून करमेना वाटतं वहिनींना," मला ओढणारा काझेम्बे हसला.

"दात काय काढतोस मेल्या? चिखल बघ आधी!"

"फेक इकडे," किउंगुकाका म्हणाला. "पण तू तिथंच थांब, पोरी. एक पाऊल पुढे टाकलंस तर महिन्याची मेहनत मातीत जाईल."

"माल पळाला तर पळू दे हो काका! माणूस परत मिळेल का?"

काकाने चिखल बोटांत दाबला. त्याचा चेहरा उतरला. पण माझ्या टोकाला तेव्हा भरलेलं पोतं होतं. "आधी हे पोतं येऊ दे," तो म्हणाला.

नुम्बी थांबली नाही. धावत येऊन तिने मला धरलं आणि ओढू लागली. पोतं वर आलं. मग गळ्यापर्यंत भिजलेली दोन माणसं आली. तिसऱ्यांदा मला सोडलं तेव्हा पाण्यातून एका हाताने मला गच्च धरलं. तो मोंगा होता. त्याच्या हाताचे घट्टे मला पाठ होते. वर ओढेपर्यंत ती पकड सैल झाली, आणि मी रिकामाच वर आलो.

संध्याकाळी जो तो म्हणत होता, बाई खड्ड्यावर आली म्हणून खड्डा बुडाला. चिखल पाहिलेला काझेम्बेही तेच म्हणाला. किउंगुकाकाने खाली मान घालून मला गुंडाळून ठेवलं. मला फार राग आला. मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं, की पाणी तिच्या आधीच शिरलं होतं, उशीर केला तो त्या पोत्याने. नुम्बीला आता नदीवरही कुणी काम देत नाही.

आमची टोळी नव्या खड्ड्यावर आली आहे. किउंगुकाका अजून मला रोज चाचपतो, पण झिजलेल्या जागेवरून त्याची बोटं भरभर पुढे जातात. आज नुम्बीचा धाकटा भाऊ पहिल्यांदाच उतरणार आहे. तिच्या घरची चूल पेटायला हवी ना!

मित्रांनो, आम्हाला टाकू नका, असं जुन्या वस्तू नेहमी सांगतात. तुमचा फोन तसं म्हणाला तर त्याचं जरूर ऐका, होईल तितकी वर्षं वापरा त्याला. माझं मागणं मात्र उलटं आहे. मला टाकून दे, असं किउंगुकाकाला कुणीतरी सांगा. माझे दोनच पीळ शाबूत आहेत, आणि नुम्बीचा भाऊ मला कमरेला बांधतो आहे.