एकशे सात मिनिटं

विद्यापीठात तिला सगळे घड्याळबाई म्हणत, कारण गळ्यात कायम स्टॉपवॉच. विद्यार्थी आपणहून निर्णय कितपत घेतात हे मोजण्यात तिची पाच वर्षं गेली होती. पद्धत साधी. मुलाला खोलीत बसवायचं, "कोणीतरी येईल" म्हणून सांगायचं आणि कोणालाही पाठवायचं नाही. मग एकाच बाजूने दिसणाऱ्या काचेमागे बसून, तो चौकशीला कधी बाहेर पडतो ते टिपायचं.

पण हल्लीची पोरं कसली बसतात! सकाळपासून अकरा आली आणि अकराच्या अकरा पाच मिनिटांत बाहेर. तिच्या मार्गदर्शक सरांनी कागद पाहून नाक मुरडलं. "सगळेच चलाख निघाले तर फरक कसला दाखवणार, कपाळ? एखादा तरी मख्ख गाठ. नाहीतर प्रबंध पुढच्या वर्षी."

'पुढच्या वर्षी' ती तिसऱ्यांदा ऐकत होती. तिला रडूच यायचं बाकी होतं.

साडेबाराला बारावा आला. कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल.

"ताई, दोनला माझी मुलाखत आहे, समोरच्याच इमारतीत. प्रयोगशाळा सहायकाची एकच जागा निघालीय. तोवर सुटेन ना?"

"सुटशील की."

इथे थांबली असती तर पुण्य लागलं असतं. पण दार ओढून घेताना बाईंनी ठरलेल्या मजकुराबाहेरचं एक वाक्य हळूच घुसडलं. "मी येईपर्यंत उठू नकोस हं. माझं सगळं तुझ्यावर आहे रे."

तो बसला. एक वाजला तरी बसलेलाच. सरांनी खुशीत खुर्ची काचेजवळ ओढली. "अस्सा हवा होता!"

पावणेदोनला मुलगा उठला, दारापाशी गेला, कडीवर हात ठेवला, आणि मान हलवत जागेवर येऊन बसला. घड्याळबाई सरांकडे वळली.

"सर, त्याची दोनला मुलाखत आहे."

"मग उठेल की! तेच तर मोजतोय आपण."

त्याला मीच अडकवून ठेवलंय, एवढंच सांगायचं होतं. पण सांगितलं की हा आकडा बाद आणि पुन्हा पुढचं वर्ष. दोन वाजले तेव्हा तिची नजर काचेकडे नव्हती, कागदावर होती.

दोन वाजून सतरा मिनिटांनी सर चहाला गेले, तेव्हा तिने दार उघडलं. एकशे सात मिनिटं.

"झालं ना ताई तुमचं काम?" त्याने आधी हे विचारलं आणि मग फाइल छातीशी धरून पळत सुटला.

चारला सगळे आपापला निकाल न्यायला आले. तोही आला, शर्ट घामाने भिजलेला.

"माझं नाव दोनदा पुकारलं म्हणे," तो म्हणाला. "मग पुढच्याला घेतलं."

तिने छापील कागद पुढे सरकवला. 'निर्णयक्षमता: अत्यल्प. दुसऱ्याने हलवल्याशिवाय हलत नाही. चालून आलेली संधी घालवण्याची वृत्ती.' खाली तिचीच सही.

त्याने तो दोनदा वाचला. तो चिडेल, ओरडेल, काहीतरी बोलेल, म्हणून ती जीव मुठीत धरून उभी होती.

"बाबा अगदी हेच म्हणतात," तो हळूच म्हणाला. "मला वाटायचं, रागाच्या भरात बोलतात. घड्याळ लावून मोजलं म्हणजे खरंच असणार, नाही का हो ताई?"

मागे रांग खोळंबली होती. सर दारातून बघत होते.

"हो," घड्याळबाई म्हणाली, आणि तिने पुढचं नाव पुकारलं.