एकतिसावा थांबा

आर्डिसने वेर्नाच्या हातातली चीजची पिशवी काढून घेतली, मांडीखाली दाबली आणि गाडीची काच खाली केली.

"तीन मिनिटं," ती म्हणाली. "तीन मिनिटं खाल्लं नाही म्हणून कोणी मरत नाही."

"प्रयोग करून बघितलाय का कुणी?" वेर्ना पुटपुटली.

आर्डिस डोळे मिटून ऐकत होती. मांडीवर पाटी, पाटीवर कागद, कागदावर चाळीस रकाने. दर जूनमध्ये एका शनिवार-रविवारी विस्कॉन्सिनच्या त्या टेकड्यांमधल्या आडरस्त्यांवर चाळीस ठिकाणी थांबायचं, इंजिन बंद करायचं, आणि तीन मिनिटांत जो पक्षी दिसेल किंवा ऐकू येईल तो लिहायचा. मोजणारा एकच. सोबत्याने गाडी चालवावी, तोंड बंद ठेवावं आणि पक्षी दाखवू नये, असा नियम. सत्तावीस वर्षं हा रस्ता आर्डिस टोलेफसनकडे होता. त्याआधी एकतीस वर्षं ती याच रस्त्यावर टपाल वाटत असे, त्यामुळे इथल्या प्रत्येक टपालपेटीशी तिची ओळख होती आणि प्रत्येक कुत्र्याशी वैर.

आजवर ती एकटीच यायची. यंदा गुडघा बदलला, म्हणून स्टिअरिंगवर तिची नणंद होती. वेर्नाने सगळी उमर शाळेची बस चालवण्यात घालवली. रेल्वे फाटक आलं की ती अजूनही, शाळेच्या बसच्या नियमाप्रमाणे, गाडी थांबवायची, दार उघडून कानोसा घ्यायची आणि मगच पुढे जायची. या रस्त्यावरचे रूळ उखडून बारा वर्षं झाली होती. तिच्या लेखी पक्षी दोन प्रकारचे: थँक्सगिव्हिंगच्या सणाला खायचे आणि उरलेले.

"झाली तीन मिनिटं," वेर्ना म्हणाली. "माझी पिशवी."

आर्डिसने पिशवी दिली आणि त्यातला चीजचा एक गोळा आपल्या तोंडात टाकला. ताजा गोळा दातांखाली चुईं करतो. शिळा गप्प बसतो. विस्कॉन्सिनमध्ये हे पोरांना पाढ्यांच्या आधी कळतं.

"शिळे," ती म्हणाली.

"कालचेच आहेत गं. चुईंचुईं करतायत की!"

"माझ्या तोंडात नाही करत. त्या कारखान्याचं काही खरं राहिलं नाही." कारखान्याला तिने तशी दोन पत्रं लिहिली होती. उत्तरादाखल कारखान्याने दोन्ही वेळा एकेक पिशवी फुकट पाठवली. त्याही शिळ्या निघाल्या.

काचेपाशी कॉफीचा थर्मास होता आणि थर्मासखाली, गळणारी कॉफी टिपायला, लायलचं पाकीट. मोजणीचा कारभार लायलकडे. शुक्रवारी संध्याकाळी तो ते पाकीट घेऊन तिच्या दारात उभा राहिला होता.

"कानाच्या तपासणीचा फॉर्म आहे, आर्डिस. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना दिलाय. मी पण भरतोय."

"बायको पन्नास वर्षं बोलतेय ते तुला ऐकू येत नाही. तुझं काय तपासायचं राहिलंय?"

"नाहीतर पुढच्या वर्षी रस्ता दुसऱ्याला द्यावा लागेल."

"दे की. माझ्यानंतर."

लायल टोपी हातात फिरवत परत गेला. आर्डिसने पाकीट फोडलंसुद्धा नाही.

तिचं लक्ष दुसऱ्याच कागदावर होतं. हॅल्व्होर्सनच्या माळाखाली चांगली वाळू निघते म्हणून एका कंपनीला तो माळ खणायचा होता, आणि सोमवारी संध्याकाळी गावसभेत त्याचा निकाल लागणार होता. कंपनीच्या अहवालात सव्विसाव्या पानावर एक वाक्य होतं: टोळचिमणी या संरक्षित यादीतल्या पक्ष्याची गेल्या चार वर्षांत या माळावर नोंद नाही. खाली बारीक अक्षरांत आधार दिला होता: थांबा एकतिसावा, निरीक्षक आ. टोलेफसन.

"माझ्याच शून्यांनी मला हाणतायत," ती शनिवारी वेर्नाला अकरा वेळा म्हणाली. "एक चिमणी, वेर्ना. मला एक चिमणी पुरे. तेवढी मिळाली की ते सव्विसावं पान मी त्यांना चावून खायला लावते."

"शिळं लागेल," वेर्ना म्हणाली.

शनिवारचे वीस थांबे असेच गेले. रविवारी पहाटे थंडी पडली. जून असून गवतावर दव इतकं जड की माळ पिकलेल्या केसांसारखा दिसत होता. एकतिसाव्या थांब्यावर वेर्नाने इंजिन बंद केलं आणि सांगितल्याशिवाय पिशवी आर्डिसच्या हवाली केली. आर्डिसने ती मांडीखाली सरकवली.

बोबोलिंक चार. मेडोलार्क दोन. दूर ओढ्यापाशी करकोच्यांची जोडी. आर्डिसचा चेहरा ताणला गेला होता. तीन मिनिटं झाली, चार झाली. वेर्नाने घड्याळ दाखवलं नाही. पेन्सिल टोळचिमणीच्या ओळीवर अधांतरी राहिली.

"मिळाली?"

"नाही."

"या किड्यांच्या गोंगाटात काय ऐकू येणार म्हणा," वेर्ना म्हणाली आणि हातांवर फुंकर घातली. तोंडातून पांढरी वाफ निघाली.

आर्डिस त्या वाफेकडे बघत राहिली.

"कसले किडे?"

"हे काय! आल्यापासून चाललंय. कुंपणापाशी एक, तो वर उतारावर एक, त्याच्या मागे आणखी एक. डोकं उठवलंय."

"या थंडीत किडा ओरडतो का गं?"

"मला काय विचारतेस? निसर्गाचं खातं तुझं."

"आवाज काढून दाखव."

"काय?"

"किड्याचा. काढ."

एका नजरेत चाळीस पोरांना गप्प करणारी वेर्ना टोलेफसन सरळ बसली, ओठ आवळले आणि म्हणाली, "टिक. टिक. च्झ्झ्झ्झ्झ."

नक्कल वाईट होती. पण आर्डिसने डोळे मिटले. पाच जून झाले होते टोळचिमणीचं हे किड्यासारखं गाणं ऐकून.

ती गाडीतून उतरली. नव्या गुडघ्याने कुरकुर केली, तिकडे तिने लक्ष दिलं नाही. "कुठे?"

वेर्नाने बोट दाखवलं. दुर्बिणीत तार आली, खांब आला, पुन्हा तार आली आणि तारेवर एक इवलीशी, चपट्या डोक्याची, मातकट चिमणी. डोळ्यापुढे हळदीचं बोट लावल्यासारखा पिवळा ठिपका. मान वर, चोच वासलेली, गळा थरथरतोय. आणि आवाज काहीच नाही, जसं बंद खिडकीपलीकडे कोणी जीव तोडून ओरडतंय.

चोच मिटली.

"आता?" आर्डिसने विचारलं.

"थांबलं."

चोच उघडली. "आता?"

"लागलं पुन्हा." मग वेर्नाने तारेकडे पाहिलं, आर्डिसकडे पाहिलं. तिला उशिरा का होईना, उमगलं.

"मग लिही की," ती म्हणाली. "तीन लिही. दिसली ना तुला?"

"तू दाखवलीस. सोबत्याने दाखवलेला पक्षी धरत नाहीत."

"इथे कोण बघतंय? हॅल्व्होर्सनची गाय?"

आर्डिस गाडीला टेकली. एक आकडा लिहिला की लायल गप्प, रस्ता तिचा. माळ ओलांडून तिने पार टेकडीपर्यंत नजर नेली.

"तीन लिहिल्या तर कंपनी म्हणेल, यंदा चुकून आल्या. मागची चार शून्यं तशीच राहतात, वेर्ना. अहवाल त्यांच्यावर उभा आहे."

तिने पाटी बॉनेटवर ठेवली आणि एकतिसाव्या रकान्यात ठळक शून्य काढलं. मग थर्मासखालचं पाकीट आणायला सांगितलं. फॉर्मवर कॉफीचं गोल वर्तुळ उमटलं होतं. नाव, वय शहात्तर. तपासणीच्या चौकटी तिने तिरकी रेघ मारून उडवल्या. खाली शेऱ्यासाठी जागा होती. तिथे तिने, चुकीच्या पत्त्यावरच्या पाकिटांवर लिहायची तशा दाबून काढलेल्या अक्षरांत, लिहिलं:

"एकतिसाव्या थांब्यावरची गेली चार शून्यं माझ्या कानांची आहेत, माळाची नाहीत. आजचंही."

पूर्ण सही केली. तारीख घातली.

वेर्नाने खांद्यावरून वाचलं. "लायल रस्ता काढून घेईल."

"घेऊ दे. पण आधी याच आठवड्यात त्याने चांगल्या कानांचं माणूस आणून इथे उभं करायचं. आणि हा कागद उद्या सभेत मीच वाचणार. मोठ्यांदा. बाई, जरा हळू बोला, असं मला सांगायची कोणाची छाती होते ते बघायचंय."

"लाज नाही वाटणार?"

"वाटेल की. अहवाल लिहिणाऱ्यालाही वाटू दे थोडी."

वेर्ना नाक ओढत गाडीत बसली. "मग उरलेले नऊ थांबे कशाला करायचे आता?"

"बारीक आवाज गेले, पण कावळे आणि कवडे अजून माझे आहेत," आर्डिस म्हणाली. "चल."

पण ती लगेच बसली नाही. सीटवरची पिशवी उचलून तिने वेर्नापुढे धरली आणि स्वतःही एक गोळा घेतला. तारेवर चोच पुन्हा उघडली होती. तिच्याकडे बघत आर्डिसने गोळा सावकाश, शेवटपर्यंत चावला.

"ताजे आहेत," ती म्हणाली.