घडीचा चाकू

“एका हातानं उघडते का तो?” मथुराबाईनं विचारलं.

ताडपत्रीवर कुलपं, बॅटऱ्या, नेलकटर आणि लायटर मांडून बसलेल्या माणसानं मान वर केली. पन्नाशीला टेकलेली बाई, डोक्यावर पदर, काखेत बाजाराची थैली, आणि मागते काय, तर घडीचा चाकू. त्यानं शेजारच्या बांगड्यावाल्याकडे बघून डोळा मारला.

“भाजी कापाची हाय का नवरा, मावशी?”

“नवरा तं कधीचाच गेला, बापा. तू चाकू दाखव.”

बांगड्यावाला खो खो हसला. मथुराबाई हसली नाही. एरवी तिनं या दोघांना चार टोले हाणून गार केलं असतं. पण आज तिचं लक्ष त्यात नव्हतं. उद्यापासून धरमसिंगचा हडंबा सुरू होणार होता. सोयाबीन काढायच्या त्या यंत्राला कागदावर मळणी यंत्र म्हणतात. त्याच्यासमोर उभं राहून काम केलेलं माणूस हडंबाच म्हणतं.

दुकानदारानं लाल मुठीचा, चकचकीत चाकू काढला. बटण दाबलं तसा तो खटकन उघडला आणि मथुराबाई दचकून मागं सरली. मग तिनं तो हातात घेतला. पातं दोन बोटांत धरून हलवलं. ते पडायला आलेल्या दातासारखं हललं.

“ऐंशी रुपये. विदेशी माल हाय, मावशी.”

मथुराबाईनं थैलीतून वीतभर कापड काढलं. जुन्या सुती दुपट्ट्याची पट्टी होती ती, घरून ओली करून, मधोमध गाठ मारून आणलेली. तिनं पातं कापडावर ओढलं, ते घसरलं. पुन्हा ओढलं, पुन्हा घसरलं. तिसऱ्यांदा जोर लावला तर टोक कापडातून आरपार जाऊन तिच्याच अंगठ्यात घुसलं.

“गळ्यात घुसलं असतं,” ती स्वतःशीच बोलली आणि चाकू खाली ठेवून चालू लागली. मागं दोघांचं हसणं एकदम थांबलं.

पुढच्या दोन दुकानांत हीच गत. एका चाकूची घडी इतकी कडक, की तो उघडायला दात लावावे लागले असते. दुसरा चाकू हातभर लांब निघाला. “पोलिसायच्या नजरेत येऊ देऊ नका फक्त,” असं दुकानदारानं हळूच सांगितलं आणि तिनं तो तापल्या तव्यासारखा टाकला. आधीच जीव भ्यालेला, त्यात पोलीस कशाला हवे होते?

गावात तिला भित्री म्हणायला लागले होते, हे तिला माहीत होतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं धरमसिंग तोंडावरच म्हणाला होता. म्हणू दे. या वर्षभरात तिनं साधी गिरणीची वाटही सोडली होती. दळणाच्या पट्ट्याचा आवाज आला तरी तिच्या मानेवर काटा यायचा.

बाजाराच्या टोकाला पुंडलिकरावांचं बी-बियाणं आणि फवारणी पंपांचं दुकान होतं. म्हाताऱ्यानं तिची गाठीची पट्टी पाहिली, अंगठ्याचं रक्त पाहिलं आणि काही न विचारता स्टूल पुढं केलं.

“बसा बाई. कापाचं काय हाय, ते सांगा आधी. मंग चाकू पाहू.”

“दुपट्टा.”

“कुठचा दुपट्टा?”

“गळ्यातला.”

पुंडलिकरावांनी चष्मा काढला. आणि मथुराबाईनं वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं ते त्या परक्या माणसाला सांगून टाकलं.

हडंब्यावर काम करणाऱ्या बायका साडीवर पुरुषी शर्ट घालतात आणि डोक्याला, तोंडाला दुपट्टा गुंडाळतात. नाहीतर सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, नाकात, कानात जाऊन अंगाची आग आग होते. दुपट्ट्याची गाठ मानेवर येते. आपली आपल्याला ती बांधता येत नाही, म्हणून एकीनं दुसरीची बांधायची. सुरगाठ मारली तर दोन टोपली वाहीपर्यंतच सैल होते; म्हणून निरगाठ. मथुराबाईची गाठ सगळ्यांत पक्की. सकाळी बायका तिच्यापुढं पाठ करून रांगेनं उभ्या राहायच्या आणि तिला त्याचा थोडा तोराही होता.

मागच्या वर्षी मैनाबाई अशीच पाठ करून उभी राहिली. “घट्ट बांध वो मथुरा, कुटार कानात जाऊन राह्यलं,” म्हणाली. मथुराबाईनं निरगाठ मारली, वर आणखी एक मारली. दुपारी दुपट्ट्याचं टोक पट्ट्याच्या चाकात गेलं. धरमसिंगनं यंत्र लगेच बंद केलं, बंद झालंही. पण चाकानं दोन वेढे घेतले होते आणि ते उलटं फिरत नव्हतं. पिकाची सोंगणी कधीच संपलेली, विळे सगळ्यांचे घरी. मथुराबाईनं गाठीला नखं लावली, दात लावले. गाठ तिचीच होती, पण तिला सुटली नाही. कुणीतरी पळत जाऊन विळा आणला, तोपर्यंत मैनाबाईचे पाय हलायचे थांबले होते.

“बैल गेला न झोपा केला, असं झालं माह्यं,” मथुराबाई म्हणाली. “पण उद्या पुन्हा हडंबा हाय. पुन्हा बाया पाठ करून उभ्या राहतीन. मले लय भेव वाटते, दादा.”

पुंडलिकराव उठले. खणातून त्यांनी एक लाकडी मुठीचा चाकू काढला. दिसायला अगदीच मामुली, काळपट पात्याचा.

“कलमाचा चाकू हाय हा. संत्र्याच्या कलमा बांधणारे नेतात. पाहा, याले टोक नाई. तोंड बोथट, न धार सरळ. कापडाच्या खालून घातला तरी मानेत घुसत नाई. चमकत नाई, तं नाई. हे लोखंड धार धरते. फक्त गंजते लवकर, रोज तेलाचं बोट फिरवत जा.”

त्यांनी पातं हलवून दाखवलं, हललं नाही. मुठीतले पितळी खिळे दाखवले. बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडून पातं वीस-पंचवीस वेळा उघडलं-मिटलं, मग तिच्या हातात दिलं. मथुराबाईचं नख कापूस वेचून वेचून झिजलेलं; पहिल्यांदा निसटलं, दुसऱ्यांदा पातं बाहेर आलं. तिनं ते गाठीच्या कडेनं ओल्या पट्टीखाली सरकवलं आणि वर ओढलं. पट्टी काकडीसारखी कापली गेली.

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढंसं काम होतं. एवढंसं.

“केवढ्याचा?”

“दोनशेचा. तुमाले दीडशेले.” पैसे घेताना म्हातारा थांबला. “एक सांगू, बाई? हा कंबरेले लावून तुमी सोताले वाचवू शकसान असं समजू नका. ज्याचा गळा अडकला त्याले चाकू उघडता येत नाई. हा बाजूच्याच्या हातात पाह्यजे.”

“मंग मी कोणाच्या हातात देऊ?”

“ते मी कसं सांगू?”

परतीच्या जीपमध्ये ती पदराखाली चाकू उघडत आणि मिटत बसली. उजव्या हातानं, मग डाव्या. समोरच्या इसमाला कटकट ऐकू आली तसे त्यानं आपले गुडघे जमतील तेवढे दुसरीकडे वळवले.

सकाळी धरमसिंगच्या शेतात सोयाबीनच्या गंजीपाशी पाच बायका जमल्या होत्या. पाचवी पाठमोरी होती. उंच, सडपातळ, मैनाबाईचाच निळा शर्ट घातलेली. मथुराबाई जागीच थबकली. मग ती वळली आणि दिसलं की मैनाबाईची लेक उर्वशी आहे.

“तू कायले आली वो पोरी इथं?”

“घरी बसून काय करू, मावशी? बाबाच्यानं आता काम होत नाई.” उर्वशीनं दुपट्टा डोक्यावरून घेतला आणि पाठ केली. “बांधून द्या न. मले मांगून जमत नाई.”

पोरीच्या मानेवर आईसारखाच तीळ होता. मथुराबाईनं दुपट्ट्याची दोन टोकं हातात घेतली आणि सोडून दिली.

“माह्याच्यानं होत नाई.”

“सगळ्यायचे बांधता, न माह्याच काहून नाई?”

बाकीच्या बायका लांब होत्या. ट्रॅक्टर अजून सुरू झाला नव्हता. आता नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही, हे मथुराबाईला कळलं.

“तुह्या मायची गाठ म्या बांधली होती. निरगाठ, न वरतून अजून एक. पंचनाम्याले सांगतलं नाई, तुह्या बापाले सांगतलं नाई. सारे म्हणे चाक, चाक. पण गाठ माही होती. मलेच सुटली नाई.”

उर्वशीचं तोंड दुपट्ट्यात अर्धं झाकलेलं होतं. तिला राग आला की रडू, ते काही दिसेना. तिनं दुपट्टा ओढला, हनुवटीखाली स्वतःच कशीबशी सैलसर गाठ मारली आणि निघाली. मथुराबाई तिच्या मागं धावली.

“हे घे. तुह्याजवळ ठेव. गळा अडकलेल्याले चाकू उघडता येत नाई, बाजूच्यानं उघडा लागते. इथं नख लावाचं, न पातं असं ओढाचं.”

उर्वशीनं चाकू पाहिला. शर्टाच्या खिशात टाकला. गंजीकडे निघून गेली.

हडंबा सुरू झाला आणि धुराळ्यानं आभाळ भरून गेलं. मैनाबाई गेल्यावर धरमसिंगनं चाकावर टिनाचं झाकण बसवून घेतलं होतं. पण पट्टा घसरला की ते काढावं लागे, आणि एकदा काढलेलं झाकण परत बसवायला हंगामात कुणाला सवड असते? अकरा वाजता पट्टा घसरला तेव्हा ते निघालं ते बांधावरच राहिलं.

मथुराबाई दिवसभर दोन भीती घेऊन काम करत होती. एक चाकाची होती. ती जुनी, ओळखीची. दुसरी नवी होती. समोर उर्वशी टोपलं भरत होती आणि तिच्या खिशाला चाकूचा फुगवटा दिसत होता. आपण हे काय करून बसलो? जिची आई आपल्या गाठीनं गेली तिच्याच हाती आपण आपला गळा दिला. पोरीनं जेवतानाही तिच्याकडे पाहिलं नव्हतं. आईसारखीच भाकरी मोडत होती, आईसारखीच पाणी पीत होती, फक्त बोलत नव्हती.

चारच्या सुमारास गंजीच्या तळातलं ओलं सोयाबीन लागलं. यंत्र कण्हायला लागलं. मथुराबाई चाकाजवळ सांडलेलं कुटार ओढायला वाकली, आणि मानेला हिसका बसला.

तिला लगेच कळलं. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. गाल यंत्राच्या पत्र्याला चिकटला, गरम तेलाचा वास नाकात गेला. यंत्र कोंदून थांबलं. ट्रॅक्टरही थांबला. त्या एकाएकी पडलेल्या शांततेत धरमसिंगची बोंब ऐकू आली, “विळा! अरे, विळा आणा कोणी!” वर्षापूर्वीचेच शब्द. मथुराबाईची बोटं आपोआप मानेवरच्या गाठीकडे गेली आणि तिला आठवलं, आज आपली गाठ आपणच दुसरीकडून घट्ट बांधून घेतली आहे, तीही निरगाठच.

डोळ्यांपुढं अंधारी आली. त्यात निळा शर्ट दिसला. मैनाबाई आली, तिला वाटलं, न्यायला आली. मग खटकन आवाज झाला आणि काळपट पातं तिच्या डोळ्यांसमोरून गळ्याकडे आलं. मथुराबाईनं डोळे मिटून घेतले. मार बाई, तिच्या मनात आलं, तुझा हक्क आहे.

थंड, बोथट लोखंड कानाखालून कापडात शिरलं. एक ओढ बसली. मग दुसरी.

हवा आत आली तेव्हा ती कुटारावर आडवी पडली होती आणि चार बायका तिच्या तोंडावर पाणी मारत होत्या. तिनं गळा चाचपला. ओरखडासुद्धा नव्हता.

धरमसिंग डोकं धरून बसला होता. मग तो उठला, बांधावरचं झाकण आणून चारही नट आवळून बसवलं, हातानं हलवून पाहिलं आणि कुणाकडे न बघता ट्रॅक्टरवर जाऊन बसला. गंजी अजून अर्धी उरली होती, पश्चिमेला ढग दिसत होते. काम करावंच लागणार होतं.

चाकातून काढलेली दुपट्ट्याची चिंधी उर्वशीच्या हातात होती. कापड दोन ठिकाणी कापलं गेलं होतं, गाठ मात्र जशीच्या तशी होती. तिनं ती गाठ बराच वेळ उलटसुलट करून पाहिली. नखानं सोडवून पाहिली, दातानं पाहिली. सुटली नाही. मग तिनं ती चिंधी खाली ठेवली आणि मथुराबाईजवळ आली.

“नाईच सुटत, मावशी,” ती म्हणाली. सकाळनंतरचं तिचं पहिलं बोलणं.

मथुराबाईला हुंदका आवरला नाही. उर्वशीनं तिला रडू दिलं. मग हनुवटीखालची स्वतःची सैल गाठ सोडली, दुपट्टा झटकून पुन्हा डोक्यावरून घेतला आणि तिच्यापुढं पाठ करून उभी राहिली.

“बांधा. घट्ट बांधा, कुटार कानात जाऊन राह्यलं.”

मथुराबाईनं दोन्ही टोकं हातात घेतली. नेहमीपेक्षा वेळ लागला. एक निरगाठ मारली. तिळाच्या वर, मानेला टेकेल न टेकेल अशी.

“झालं?”

“झालं, बाई.”

उर्वशीनं न वळता शर्टाच्या खिशातून मिटलेला चाकू काढला आणि खांद्यावरून मागं धरला.

“आता तुमच्याजवळ ठेवा,” ती म्हणाली.