गुडघ्यावरची उंची

माझा नवरा हॅमो होडीसकट बुडाला, पापांची कबुली न देताच. त्याच्या आत्म्यासाठी मी वर्षभराचं व्रत धरलं. रोज सकाळच्या मिस्सेत, म्हणजे देवळातल्या उपासनेत, पाद्रीबाबा पवित्र भाकर उंचावतात, ती या डोळ्यांनी पाहायची. एक दिवस चुकला की मोजणी पहिल्यापासून. अकरा दिवस उरले आणि त्या दिवशीच्या मिस्सेनंतर आमच्या देवळात वेदीपुढं नवी लाकडी जाळी उभी राहिली. वर आरपार दिसणारी नक्षी, खाली खांद्यापर्यंत भरीव फळ्या, त्यांवर रंगवलेल्या संतिणी. भाकर उंचावताना घंटा वाजली की आम्ही सगळे गुडघे टेकतो. टेकले की डोळ्यांपुढं नुसती फळी.

देवळाचे कारभारी जर्व्हेस यांच्याकडे त्याच दुपारी मी फळीला डोळ्यापुरतं भोक मागायला गेले. ते म्हणाले, रंग अजून ओला आहे, दात राखणाऱ्या संत अपोलोनियाच्या झग्याला भोक पाडलं तर गावभर दातदुखी पसरेल. शेजारच्या गावात फळ्यांना अशी भोकं आहेत, असं मी हळूच सांगितलं.

"मग जा की तिकडंच. नाहीतर उभ्या राहा, इडोनियाबाई. कोण अडवतंय?"

सगळं गाव गुडघ्यावर आणि मी एकटी उभी? मी तिथंच त्यांच्या दारात जपमाळ घेऊन बसले. दिवस कलला तेव्हा वैतागून त्यांनी सुतार थर्स्टनला बोलावलं. माझं माप घे म्हटलं, तर तो हसला.

"काकू, जन्म गेला या कामात."

स्वतःच फळीपुढं गुडघे टेकून त्यानं डोळ्यांसमोर खूण केली आणि गिरमिटानं भोक पाडलं. थर्स्टन म्हणजे प्रत्येक दारातून वाकून शिरणारा माणूस.

सकाळी टेकले, तर भोक माझ्या कपाळाच्याही वर वीतभर. मान ताणली तेव्हा छताची तुळई दिसली. घंटा वाजली. तीनशे चोपन्न दिवस हातातून चालले होते. मी उभी राहिले. नक्षीतून पाद्रीबाबांच्या बोटांतली भाकर लख्ख दिसली. भोकाची गरजच नव्हती. मागं कुजबुज उठली, कानशिलं तापली.

दाराशी जर्व्हेस थांबलेच होते. "मी कालच म्हटलं होतं ना, उभ्या राहा?"

माळ मुठीत धरून मी तडक निघाले. घरून दोरा आणला, फळीपुढं गुडघे टेकून जमिनीपासून डोळ्यांपर्यंत मापला, गाठ मारली आणि थर्स्टनच्या हातात ठेवला.

"ही गाठ बघ. इथं पाड. दहा दिवस उरलेत माझे."