पोटदुखीचा रकाना

दामिनी वारली. पण गावच्या कोरोना समितीच्या वहीत तशी नोंद नाही. तेव्हा आपणही ती वारलीच नाही असं धरून चालू.

तर पवनीकडच्या त्या गावात भाताचे रोवणे सुरू होते, आणि कौशल्याबाईंची सून दामिनी चुलीपुढे पोट धरून बसली होती.

"आई, उजव्या कुशीत लय दुखून राहिलं. दवाखान्यात नेता का?"

"आन् दारावर कोरोनाचा कागद चिकटला म्हंजे? रोवणाऱ्या बाया आपल्या धानाच्या बांधीत पाय ठेवतीन का?"

हे खोटं नव्हतं. कुंताबाई नुसती दाढ काढायला भंडाऱ्याला जाऊन आली, तर गावाने तिला बोअरिंगवर येऊ दिलं नाही. पंधरा दिवस तिच्या म्हशीशीसुद्धा कोणी बोललं नाही.

म्हणून ओव्याचं पाणी झालं, हिंगाचा लेप झाला. दुसऱ्या दुपारी दुखणं एकाएकी थांबलं.

"पाय, म्या म्हणलं नव्हतं?" कौशल्याबाईंनी हौसेने सुनेची दृष्ट काढली. आत अपेंडिक्स फुटलं होतं. संध्याकाळी अंग तव्यासारखं तापलं.

मुलगा वीरेंद्रने मोटारसायकल काढली. मधे दामिनी, मागे कौशल्याबाई. वेशीवर बांबू आडवा. बांबूमागे समितीचे हेमराज.

"ताप हाय? मंग कोरोनाच."

"पोट दुखत होतं जी तिचं!"

"वहीत ताप, खोकला, सर्दी इतकेच रकाने हायेत, मावशी. पोटाचा रकाना वरून आलाच नाही."

रकाना नसलेल्या पोटाला तो बांबू ओलांडायला दोन तास लागले. दवाखान्याच्या दारात सांगितलं, आधी रिपोर्ट, मग ऑपरेशन.

रिपोर्ट चौथ्या दिवशी आला. दामिनीला कोरोना नव्हता. तिला जाऊन तेव्हा दोन दिवस झाले होते.

हेमराज अंगणाबाहेरूनच म्हणाले, "निगेटिव्ह निघाली, बरं झालं. उद्या येतीन बाया रोवण्याले."

"नोका येऊ देऊ!" कौशल्याबाई उठून उभ्या राहिल्या. "त्या बांधीपायी पोरगी मारली आपण. तुम्ही बांबू धरला, म्या तिचं तोंड धरलं. राहू द्या पडीत."

मग त्यांनी वीरेंद्रला कागद घ्यायला लावला आणि एकेक शब्द सांगितला:

"मा. तहसीलदार साहेब, सबब नम्र विनंती की, पुढील साथीत समितीची परवानगी व दवाखान्याचा रिपोर्ट हाती येईपर्यंत सर्व अपेंडिक्सना फुटण्यास मनाई करणारा आदेश काढण्यात यावा, व त्याची एक प्रत गावातील प्रत्येक सुनेच्या पोटात वेळेत पोहोचती करावी."