समुद्राचा फड

कोंडाजी आबांच्या घरात कधी मासा शिजला नव्हता. गळ्यात माळ, दारात तुळस, आणि पोटची मुलगी मात्र समुद्रातल्या माशांची डॉक्टर! नाशिकच्या मखमलाबाद नाक्यावरच्या बायका सुवर्णाच्या आईला, नवसाबाईंना, विचारत, "तुमची सुवर्णा नेमकं काय करते हो?" त्यावर नवसाबाई सांगत, "मासे मोजते. खात नाही." दुसरं वाक्य त्या जरा ठासूनच म्हणत.

सुवर्णा खरोखरच मासे मोजत होती. कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी सहा वर्षं बुड्या मारून तिने खडक न् खडक पाहिला होता. कुठे शेवंड राहते, घोळ मासा कुठे अंडी घालतो, सगळं तिला तोंडपाठ होतं. मोठे ट्रॉलर येऊन सारं खरवडून नेत होते, म्हणून तिने एक आराखडा केला. समुद्राचा एक भाग मासेमारीला कायमचा बंद ठेवायचा. तिथे मासा निवांत वाढेल आणि आजूबाजूला पसरून गावांच्या जाळ्यात येईल. सरकारने मान डोलावली, पण अट घातली. मार्चअखेरपर्यंत त्या किनाऱ्यावरच्या तिन्ही गावांची संमती आणा, नाहीतर प्रस्ताव बाद.

मोरवे आणि आंबेडोह ही गावं लगेच हो म्हणाली. अडलं ते खारशेत. आणि खारशेत म्हणजे चिमणाबाई. किनाऱ्यावरचा माशांचा लिलाव तिच्या तोंडी चाले, आणि ती बोलेल तो भाव कुणी मोडत नसे. सुवर्णा दोनदा तिच्या दारात जाऊन चहा पिऊन हात हलवत परतली होती.

म्हणून त्या डिसेंबरात चिमणाबाई नवऱ्याला घेऊन त्र्यंबकला आली आहे असं कळल्यावर सुवर्णाने सुट्टी टाकून थेट नाशिक गाठलं. चिमणाबाईचा धाकटा भाऊ नाथा वादळात होडीसकट गेला होता. देह काही सापडला नाही, म्हणून त्याच्या नावाने तीन दिवसांचा विधी होता. तो आटोपून दोघं नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवर उतरली, तर समोर सुवर्णा रिक्षा थांबवून उभी.

"आमच्या घरी जेवल्याशिवाय गेलात, तर मी पुन्हा खारशेतला पाय ठेवणार नाही."

"मंग तर जेवतच नाय गो मॅडम!" चिमणाबाई खदखदून हसली. पण रिक्षात बसली. जाताना स्टँडच्या सामानघरातून तिने एक गाठोडं मात्र सोडवून आणलं. सामानघरातल्या माणसाने ते कोण आनंदाने दिलं!

ते गाठोडं घरी पोचताच नवसाबाईंच्या हातात पडलं.

"हाई काय शे व?" नवसाबाईंनी मुलीकडे पाहिलं. वासावरून त्यांना अर्धा अंदाज आलाच होता.

"सुकट हाय, आनि बोंबील. मॅडमसाठी आनले," चिमणाबाई कौतुकाने म्हणाली.

पाहुणीची भेट नाकारायची तरी कशी? नवसाबाईंनी गाठोडं दोन बोटांत धरून गच्चीवर नेलं आणि पाण्याच्या टाकीखाली तारेला टांगलं. पाच मिनिटांत गल्लीतली मांजरं गच्चीच्या कठड्यावर सभेला बसली.

जेवायला वांग्याचं भरीत होतं, कळण्याची भाकरी आणि झणझणीत शेवभाजी. चिमणाबाईचा नवरा निवृत्ती मुकाट्याने जेवला, पण तीन दिवसांच्या सोवळ्याने बिचारा रडकुंडीला आला होता. त्याची नजर राहून राहून गच्चीच्या जिन्याकडे जात होती.

हात धुतल्यावर सुवर्णाने नकाशा पसरला. बंद ठेवायची जागा लाल रंगाने दाखवली होती. चिमणाबाईने तिच्यावर बोट ठेवलं आणि तिचं हसू मावळलं.

"मोरवेकर लगेच हो बोलले म्हनतेस? बोलनारच! त्यांचं काय जातंय? लाल सगला आमच्याच दारात सांडलाय."

"तसं नाही हो. खडक तुमच्यासमोर आहेत, म्हणून माशांच्या सगळ्यात जास्त जाती तिथेच आहेत. कॉम्प्युटरने कमीत कमी जागेत जास्तीत जास्त जाती बसवल्यात. तो पक्षपात करत नाही."

"त्याला काय होतंय? त्याला कुठं पोरं पोसायचीत?" चिमणाबाईचं बोट पुढे सरकून एका ठिपक्यावर थांबलं. "आनि ह्यो खडक. आमचा नाथा इथंच गेला. ह्यो पन तुमी घेतला. आमाला न इचारता."

सुवर्णाला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. इतके दिवस ती या बाईला मनातल्या मनात हट्टी म्हणत होती. तो खडक तिच्या कागदावर फक्त एक क्रमांक होता. आता सहा वर्षांचं काम गेलंच होतं.

पाहुणीचं मन असं दुखावलेलं आबांना कसं चालावं? त्यांनी आपला नेहमीचा विषय काढला, शेतीचा. गावी मोसम नदीकाठी आपली जमीन चार तुकड्यांत आहे, असं ते सांगू लागले.

"भावांत वाटन्या झाल्या काय दादा?" चिमणाबाईने विचारलं.

"नही बहीण. आमच्याकडं फड शेतस. नदीवर बंधारा, बंधाऱ्याचा पाट, अन् पाटाखालच्या जमिनीचे चार फड. परत्येक घराची पट्टी चारी फडांत. औंदा पानी कमी, तर वरला फड कोरडा ठेवला."

"मंग वरल्या फडातला मानूस मेला की!"

"एकला कोन मरतो? आमची पट्टी तिथं शे, तशी पाटलाची बी शे. झळ लागली तर समद्यांना सारखी, म्हनून भांडन नही." मग आबांनी लेकीकडे बोट केलं. "या आमच्या डॉक्टरीनबाई मात्र म्हनायच्या, आबा, समदी जमीन एका जागी करा, पायपीट वाचंल!"

सुवर्णा हसली नाही. तिने नकाशा पुन्हा पुढे ओढला. कॉम्प्युटरला तिने एकूण नुकसान कमी करायला सांगितलं होतं. ते कुणाच्या वाट्याला किती यावं, हे तिने त्याला कधी सांगितलंच नव्हतं. तिने समुद्रातला मासा न् मासा मोजला, आणि किनाऱ्यावरची गावं मोजायची राहूनच गेली.

"चिमणाबाई, थोडं थांबाल? मला हे पुन्हा मांडायचंय."

लॅपटॉप उघडला खरा, पण बॅटरी म्हातारी आणि भारनियमनामुळे चार वाजेपर्यंत वीज नाही. थांबणं आलं. तेव्हा निवृत्तीने धीर करून तोंड उघडलं, "वैनी, वरचं गाठोडं मांजरं नेतील हो."

नवसाबाई काय ते समजल्या. पदराने नाक धरून त्यांनी स्वतः जुना स्टो गच्चीवर नेऊन दिला. निवृत्तीने बोंबील भाजले, मांजरांना वाटा दिला, आणि खाली आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर खरं तीर्थ घडल्याचं समाधान होतं. खाली नवसाबाईंनी घरभर उदबत्त्या लावून ठेवल्या होत्या.

वीज आली, पंखा फिरला. सुवर्णाने नवी अट घातली. एकही जात सुटता कामा नये, आणि कुठल्याही एका गावावर सगळा भार नको. यंत्र बराच वेळ घुमलं. मग नवा नकाशा आला. बंद जागा आधीपेक्षा थोडी वाढली होती, पण आता लाल रंग तिन्ही गावांसमोर होता.

"मोरव्याच्या दारात पन?" चिमणाबाईने टाळी वाजवली. "आता त्यांची तोंडं बघायचीत मला!"

"आणि हे बघा," सुवर्णा उत्साहाने म्हणाली, "नाथाभाऊंचा खडक सुटला. तो तुमचाच राहिला."

चिमणाबाईने त्या पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग पदराने डोळे टिपत म्हणाली, "त्यो पन लाल कर गो."

"अहो, त्याची गरज नाही. सगळ्या जाती दुसरीकडे आल्यात."

"कम्पूटरनं मागितला तेवा नाय दिला. आता मी देतेय. नाथा गेल्यापास्ना तिथं जालं टाकायला आमचा हात होत नाय. मासा लय वाढलाय तिथं. वाढू दे त्याच्या नावानं." तिने नाक ओढलं आणि पुन्हा लिलावातला आवाज लावला. "शिमग्याला सगला गाव भरतो. तेवा मी बोलेन, खारशेत तयार हाय. मोरवेकर मागं सरले तर मी हाय आनि ते हायत. कर लाल, पोरी."

मॅडमची पोरगी कधी झाली, ते सुवर्णाच्या लक्षातही आलं नाही. तिने तो चौकोन लाल केला. यंत्राने लगेच तक्रार केली, की जागा गरजेपेक्षा जास्त झाली आहे. सुवर्णाने ती तक्रार बंद करून टाकली.